पाय पुसून ये

३ जून

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार समजून घे. मनापासून घातलेला नाही, आईने लावलेली सवय आहे.

तीन वर्षांनी पत्र लिहितोय म्हणजे भांडायला लिहितोय, हे तुला पाकिटावरूनच कळलं असेल. आपल्या घरचा कायदा विसरली नसशील. भांडण तोंडाने करायचं नाही. कागदावर लिहायचं, शिवणयंत्राच्या खणात ठेवायचं, आणि शेवटी एक खरी गोष्ट लिहायची, जिच्यावर समोरच्याला वाद घालता येणार नाही. जिभेला हाड नसतं, कागदाला निदान शाई लागते, असं आई म्हणायची. खण आता माझ्याकडे आणि तू तिकडे, म्हणून टपालाने.

तर भांडण असं. काल तुमच्या कंपनीच्या 'सात वेशी' या संगणकावरच्या खेळाचा दुसरा भाग आला. मी सुट्टी काढली. चष्म्याच्या काचा घासणाऱ्याला खेळ खेळायला सुट्टी कोण देणार? घरी कार्य आहे म्हणून सांगितलं. सात वर्षं वाट बघितली होती, कार्यच होतं ते. पहिल्या वेशीपाशी पोचलो, तर तिथे आईच्या आवाजात बोलणारी म्हातारी नाही. तिचा दगडी पुतळा. त्याला हात लावला की माझी ताकद पाच अंकांनी वाढते. ताई, तुम्ही लोकांनी आपल्या आईचं टॉनिक केलंत.

पहिल्या भागात रस्ता दाखवायला काही नव्हतं. फाटका नकाशा, पाठीवर ओझं, दिवस मावळायच्या आत वेस गाठायची आणि म्हातारीला विचारायचं. नीट बोललं तर ती नीट सांगायची. तीनदा खोटं बोललं तर रुसायची आणि मुद्दाम दलदलीत पाठवायची. त्या दलदलीत मी दोन महिने काढलेत, आणि मजेत काढलेत. आता जमिनीवर पिवळा बाण आहे. कुणी काही विचारलं तर उत्तरं तीन, आणि तिन्हींचा अर्थ 'हो'. असला खेळ म्हणजे सासरच्या माणसांशी गप्पा मारण्यासारखं आहे.

आणि वेशीत शिरताना ती म्हणायची, "आलास? पाय पुसून ये." तू त्या कंपनीत संवाद लिहितेस. आईच्या शिवणाच्या दुकानात कापडाचे तागे चहूबाजूंनी रचून तू तिचा आवाज भरून घेतलास. खेळाच्या शेवटी नावांच्या यादीत आईचं नाव आलं, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी तुझं कौतुक केलं होतं. ती फोटो काढतानाही तोंड फिरवायची, त्यामुळे तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. चष्म्याच्या दुकानातून घरी आलो की मी रोज वेशीपर्यंत जातो, तेवढं ऐकतो आणि बंद करतो. तिची सगळी वाक्यं पाठ आहेत, एकशेबारा. मला नवी हवी होती.

फोन केले, तू उचलत नाहीस. मोठी माणसं झालात. आईला पोचवायला आलीस तेव्हाही गळ्याला रंगीत रुमाल बांधून कोपऱ्यात उभी राहिलीस, एक शब्द बोलली नाहीस. तिच्या शेवटच्या चार महिन्यांत दोनदा आलीस, त्याबद्दलही काही बोलली नाहीस. आता निदान पुतळ्याबद्दल तरी एकदा 'चुकलं' म्हण. एकात दोन्ही धरून चालेन.

एक खरी गोष्ट: पुतळ्याचं नाक चांगलं जमलंय.

भोपळ्या


१२ जून

चि. भोपळ्यास,

आशीर्वाद द्यावा असं तुझं पत्र नव्हतं, तरी देते. चाळिशी आली तरी त्याच नावाने सही करतोस. गणितातले भोपळे तू आणायचास आणि आईच्या आधी मला दाखवायचास, ते आठवून हसू आलं.

पिवळा बाण माझा नाही. दहातले आठ जण पहिल्याच दलदलीत कंटाळून खेळ सोडून देतात असं कंपनीच्या पाहणीत निघालं. तुझ्यासारखे दोन महिने चिखल तुडवणारे दहातले दोन. कंपनी आठांसाठी चालते. मी बैठकीत भांडले, हरले. पुतळा तेवढा मिळवला. नाहीतर वेशीवर एक तरतरीत पहारेकरी उभा करणार होते.

बाकी विचारू नकोस. फोन मी उचलणार नाही. कायद्याची आठवण तूच काढलीस, आता लिहूनच भांड.

आणि आईवरच्या प्रेमाचा उमाळा मला दाखवू नकोस. शाळेत ती तुझा डबा घेऊन आली, तेव्हा कोण म्हणून विचारल्यावर तू 'शेजारच्या बाई' म्हणालास. ती ऐकून घरी आली आणि तुझ्याच चड्डीला बटण लावत बसली. तिचं नाव पडद्यावर आलं तेव्हा तू तिचा मुलगा झालास. त्याआधी ती टाचण्या तोंडात धरणारी बाई होती.

भोळा मात्र तू पहिल्यापासून. आई दुकानात असायची आणि मी आतल्या खोलीच्या दारामागून तिचा आवाज काढायचे, तर तू खरंच पाय पुसून, हात धुऊन ताटावर बसायचास. रोज फसायचास.

'चुकलं' मी म्हणणार नाही. एकदा म्हटलं की तू ते जन्मभर खिशात घालून फिरशील आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवशील.

एक खरी गोष्ट: पुतळ्याचं नाक आईचं नाही. माझं आहे. चित्रकारासमोर मीच बसले होते.

ताई


२९ जून

ताई,

फसायचो असं तुला वाटतं.

नाक तुझं निघालं, म्हणजे आईच्या जागीही तूच. कमाल आहे.

तर बातमी अशी की मी आता एकटा नाही. खेळावर चिडलेली माणसं नेटवर जमतातच, त्यांचं एक मंडळ झालंय. नाव 'पायपुसणी मंडळ'. हसू नकोस, अकरा हजार सभासद आहेत. मागणी एकच, म्हातारी परत करा. मी तिचा मुलगा आहे हे मी एका ओळीत लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी अध्यक्ष झालो. रविवारी काही जण दुकानात भेटायला आले. एका गृहस्थाने विचारलं, तुम्ही खरंच तिचे चिरंजीव? मग माझा हात धरून ठेवला, सोडेचना. बावीस वर्षं काचा घासतोय. गिऱ्हाईक माझ्या डोळ्यांकडे बघत नाही, स्वतःच्या नंबराकडे बघतं. हात कुणी धरला नव्हता.

निर्णय कुणाचा, असं त्यांनी विचारलं. मी खोटं का बोलू? बहिणीचा, म्हणालो. तिला समजवावं म्हणून पत्ताही दिला. सभ्य भाषेत लिहा असं बजावलंय. आता अकरा हजारांत सभ्य म्हणजे काय याबद्दल अकरा हजार मतं असणार, त्याला मी काय करू?

शेजारच्या बाईंबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे. पण त्याच बाईंची कूस शेवटचे चार महिने दर दोन तासांनी मी बदलली. तू दोनदा आलीस, फळं आणलीस, आणि कपाटातली पुस्तकं घेऊन गेलीस.

एक खरी गोष्ट: शेवटच्या दिवशी ती तुझं नाव घेत होती. मी तिला सांगितलं, ताई निघालीये. तिने दाराकडे तोंड केलं आणि तशीच गेली.

भोपळ्या


१४ जुलै

भोपळ्या,

तुझ्या सभ्य माणसांची पत्रं गोणीभर आली. पहिली दहा वाचली. मी कसं मरावं याबद्दल लोकांनी इतका विचार केलाय की आमच्या कंपनीतल्या लेखकांनी शिकून घ्यावं.

मग बूट आले. मंगळवारी सकाळी दार उघडलं तर जिन्यापासून उंबऱ्यापर्यंत चिखलाने लडबडलेले जोडे. एकसष्ट जोड्या. दारावर, भिंतीवर, माझ्या नावाच्या पाटीवर तळव्यांचे ठसे. वर खडूने लिहिलेलं, 'आलो. पाय पुसले नाहीत.' शेजारची म्हातारी जिन्यात घसरून पडली, मनगट मोडलं. तिचा मुलगा माझ्याशी बोलत नाही. मी तीन दिवस दार घासत होते. नखांतला चिखल अजून जात नाही.

एक जोडी कापडी पिशवीत होती. पिशवीला दुहेरी शिवण आणि कोपऱ्यात उलटा टाका. असा टाका एकच बाई घालायची. तू आला होतास का? आलास तर घंटी का नाही वाजवलीस?

आता नीट वाच. तुमच्या मंडळाला घाबरून कंपनीने ठरवलंय की जुन्या रेकॉर्डिंगवरून यंत्राकडून म्हातारीचा आवाज पुन्हा बनवायचा. यंत्र शिकलं की ते काहीही बोलेल, हवं ते. त्यासाठी वारसाची सही लागते, आणि आईने वारस म्हणून तुझं एकट्याचं नाव घातलं होतं. तुला कागद येईल. सही करू नकोस. या कामात मदत कर म्हणून ऑफिसात माझ्यामागे लागलेत, मी नाही म्हणतेय. का ते लिहिता येत नाही. आईला शब्द दिलाय.

तिच्या शेवटच्या महिन्यांत मी दोनदाच आले, कारण माझ्या घशाचं काम निघालं होतं. एवढंच लिहिते.

आज खरी गोष्ट सुचत नाही. वरची सगळी धर.

ताई


२० जुलै

ताई,

मी आलो नव्हतो. आईने शिवलेल्या पिशव्या घरात ढीगभर पडल्यात, मंडळातल्या कुणाला तरी दिली असेन. शेजारच्या आजींचं वाईट वाटलं.

घशाचं काम. आई मरत होती आणि तुला खोकला झाला होता.

कागद आलाय. शिवणयंत्राच्या झाकणावर ठेवलाय, त्यावर पेन. सौदा सरळ आहे. तू 'चुकलं' एवढं एक लिही, मी सही करत नाही. अकरा हजार माणसांना काय सांगायचं ते मी बघून घेईन. आठवडाभर थांबतो.

एक खरी गोष्ट: अजून सही केलेली नाही.

भोपळ्या


२ ऑगस्ट

भोपळ्या,

तुझा आठवडा उलटून गेला, मला माहीत आहे. या दिवसांत माझी नोकरी गेली. आवाजाच्या कामात मदत का करत नाहीस, कारण सांग, म्हणाले. कारण सांगितलं तर सात वर्षांपूर्वी कंपनीला फसवलं म्हणून काढणार, नाही सांगितलं तर अडवणूक करते म्हणून काढणार. इकडे आड तिकडे विहीर. मी गप्प राहिले. टेबलावरची झाडाची कुंडी आणि कप एका खोक्यात घालून घरी आले.

आता आईचा शब्द मोडते. तो आवाज आईचा नाही.

त्या दिवशी दुकानात तागे रचले, मधे आईला स्टुलावर बसवलं, रेकॉर्डिंगच्या यंत्राचा लाल दिवा लागला आणि तिची दातखीळ बसली. चार शब्द होते. पाणी प्यायली, पुन्हा बसली, पुन्हा नाही. दुपार गेली. गिऱ्हाइकांशी दिवसभर बडबडणारी बाई त्या दिव्याकडे बघत पदराचं टोक पिळत होती. शेवटी म्हणाली, "तूच बोल गं, दारामागून बोलायचीस तशी. नाव माझं घाल. आणि भोपळ्याला सांगू नकोस. त्याला चार लोकांत सांगू दे, माझी आई आहे म्हणून." मी बोलले, एकशेबारा वाक्यं. ती शेजारी बसून एका ताग्याची सुटलेली किनार दुमडत होती. तुझ्यासाठीच केलं तिने ते सगळं. तू तिला शेजारची बाई म्हणालास ते तिने पंचवीस वर्षं पोटात ठेवलं होतं.

तिच्या शेवटच्या महिन्यांत माझ्या घशात गाठ निघाली. दोनदा आले ते तपासण्यांच्या मधे. पुस्तकं नेली ती दवाखान्यात वाचायला. तिला सांगितलं असतं तर ती तशा अवस्थेत उठून आली असती, आणि तुला सांगितलं असतं तर तू तिला सांगितलं असतंस. गाठ काढली, सोबत आवाजही गेला. आता जे उरलंय ते ऐकून दूधवाला दोन पावलं मागे सरकतो. त्या दिवशी गळ्याला बांधला होता तो रुमाल टाके झाकायला होता. म्हणून फोन उचलत नाही. नव्या भागात पहारेकरी नको म्हटलं तर म्हातारीला दुसऱ्या बाईचा आवाज देणार होते, ते मला सहन होईना, म्हणून पुतळा केला. दगडाला बोलावं लागत नाही.

माझ्याकडे माझा आवाज तेवढ्या एकशेबारा वाक्यांतच उरलाय. तो त्यांना देऊ नकोस. उद्या तो कुणाच्याही तोंडी काहीही बोलेल आणि मी इथे हाताने खुणा करत बसेन. मी कधी कुणाकडे काही मागितलं नाही, तुझ्याकडे तर नाहीच. आता मागते. कागद फाड.

तुझा तो 'चुकलं' शब्द मात्र लिहून देणार नाही. तो तोंडाने म्हणायचा असतो. तोंड होतं तेव्हा म्हणायला हवा होता हे मला कळतं.

एक खरी गोष्ट: दारामागून आईचा आवाज काढायचे, कारण माझ्या आवाजात सांगितलं तर तू जेवायचा नाहीस.

ताई


१९ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नवीन काही नव्हतं.

आईने मला जन्मात कधी 'आलास?' विचारलं नाही. ती 'झालं का उंडारून?' म्हणायची. 'पाय पुसून ये' तिचं, 'आलास?' तुझं. दारामागून तू दोन्ही एकत्र करायचीस. मी पहिल्या दिवसापासून ओळखत होतो आणि तरी पाय पुसायचो. भूक लागलेली असायची हे एक, आणि त्या घरात माझी वाट बघणारं दुसरं कुणी नव्हतं हे दुसरं. पुढे तू शहरात गेलीस, वर्षाकाठी एकदा यायचीस, घड्याळ बघत बसायचीस. मग खेळ आला. वेशीपाशी गेलो आणि तू विचारलंस, आलास? मी पडद्यासमोर रडलो. आईने चहा आणून ठेवला आणि म्हणाली, कसा वाटला माझा आवाज? छान, म्हणालो. तिच्यासाठी मीही गप्प राहिलो. शब्द फक्त तुलाच पाळता येतात असं नाही.

मंडळात आई का सांगितली, असं विचारशील. लोकांना आई कळते. बहीण हवी आहे म्हणून अकरा हजार माणसं जमत नाहीत.

बुटांच्या दिवशी मी आलो होतो. पिशवी माझीच. घंटीवर बोट ठेवलं होतं. आत तू कुणाला तरी काहीतरी सांगत होतीस, आणि आवाज म्हणजे पत्र्यावर चप्पल घासावी तसा. रुमाल, फोन, सगळं तिथल्या तिथे उलगडलं. आत यावं, तुझ्या पायाशी बसावं असं क्षणभर वाटलं, खोटं सांगत नाही. मग वाटलं, तीन वर्षं हिने मला हे कळवण्याच्या लायकीचं समजलं नाही. आई गेली तेव्हा एक चिठ्ठी पुरली असती. मी जोडे तिथेच ठेवले, अनवाणी खाली उतरलो. मंडळाचा अध्यक्ष म्हणून कंपनीने आवाजाबद्दल मला आधीच विचारलं होतं; दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन सही केली. तुझं 'कागद येईल'चं पत्र आलं तेव्हा सही होऊन पाच-सहा दिवस झाले होते. 'अजून सही केलेली नाही' ही मी आयुष्यात लिहिलेली पहिली खोटी खरी गोष्ट. आईने खण बंद केला असता.

आवाज तयार झालाय. पुढच्या महिन्यात खेळात येईल. वारस म्हणून मला आधी ऐकायला दिला. पडद्यावर खाली चौकट असते, तिच्यात लिहायचं, बटण दाबायचं, ती बोलते. आधी 'आलास?' लिहिलं. मग 'जेवलास का?' मग 'आज उशीर झाला का रे?' असं तासभर चाललं होतं. अजिबात यंत्र वाटत नाही. शब्दाआधी तू किंचित थांबायचीस, तसं थांबतेसुद्धा.

मग मी लिहिलं, 'चुकलं माझं, भोपळ्या.'

तेव्हा तुला एवढंच कळवायचं की तो विषय माझ्याकडून संपला. आता पत्र पाठवू नकोस, पाकिटं न उघडता खणात पडतील.

एक खरी गोष्ट: पहिल्याच वेळी म्हणालीस.

भोपळ्या